पायरीवरची चावी काढायचं हत्यार

"कापायचंय काय?" हार्डवेअरच्या दुकानातल्या ताईंनी विचारलं.

"चावी."

"डुप्लिकेट करायचीय? मग त्या बुटांच्या दुकानाबाहेर बसतो ना, त्याच्याकडे जा."

"डुप्लिकेट नाही हो. चिकटलेली सोडवायचीय. दगडी पायरीला चिकटलीय. चावी अख्खी निघाली पाहिजे आणि पायरीचा टवका उडता कामा नये."

ताईंनी चष्मा कपाळावर चढवला. माझ्यासारख्या गिऱ्हाइकाकडे बघायला त्यांना चष्मा लागत नसावा. "पायरीला चावी चिकटते कशी?"

"चिकटवली की चिकटते."

"आणि चिकटवली कोणी?"

मी वरच्या पंख्याकडे बघितलं. पंखा बंद होता.

"कळलं," ताई म्हणाल्या. "वय काय तुमचं?"

"बावन्न."

"शोभतं."

त्या दुकानातला माझा तो तिसरा दिवस. पहिल्या दिवशी त्यांनी मोठा ग्राइंडर दाखवला, दोन्ही हातांनी धरायचा. चालू केला तर शेजारचा दुकानदार बाहेर येऊन बघून गेला. ते धूड चावीसकट पायरी आणि पायरीसकट जिना खाऊन वर ढेकर देणारं होतं. दुसऱ्या दिवशी ड्रिल मशीन. त्याला म्हणे सतरा तोंडं लागतात. लागत असतील, पण भोकं पाडणारा शेवटी भोकंच पाडणार. आज काउंटरवर तीन छोट्या पेट्या उघड्या होत्या. तिन्हींत एकच चीज. जाड पेनासारखं यंत्र, पुढे बारीक तोंड, त्या तोंडात जे लावाल ते गरागरा फिरतं. चकती लावा, कापतं. दगड लावा, घासतं. ब्रश लावा, चकाकवतं.

"रोटरी टूल," ताई म्हणाल्या. "घरात हे एक असलं की बाकीची दहा नकोत. हे वायरचं. हे बॅटरीचं. आणि हे वायरचंच, पण त्याला ही लांब लवचीक नळी. यंत्र खाली ठेवायचं, नळीचं टोक हातात धरायचं. आता सांगा."

"वायरच्यात आणि बॅटरीच्यात फरक काय?"

"एकाला वायर आहे."

बाई माझ्याच मुशीतली होती. एरवी मी तिथेच स्टूल ओढून बसलो असतो. पण त्या आठवड्यात माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

"यातलं कुठलं घ्यायचं हे एक माणूस अर्ध्या मिनिटात सांगेल," मी म्हणालो. "पण त्याला भेटायची मला बंदी आहे."

"कशापायी?"

"त्या चावीपायीच."

ताईंनी दुकानात दुसरं कोणी नाही हे बघून घेतलं आणि स्वतःच स्टूल पुढे सरकवलं.

सगळं सांगितलं मग. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोनच दारं. एक माझं, एक घड्याळ्याचं. घड्याळ्या म्हणजे जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. दुकान बंद केल्यावर खिडकीपाशी टेबल मांडून घरीच करायचा. माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठा, पण टवाळकीत कोण वय विचारतं? तो मला टवाळ म्हणतो. त्याची बायको अकरा वर्षांपूर्वी गेली, मुलगी नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी. माझं लग्नच झालं नाही. एकीला मागणी घातली होती, अगदी खरीखुरी, इस्त्रीचा शर्ट घालून. ती इतकी हसली की मलाही हसावं लागलं. पुढच्याच महिन्यात तिनं दुसऱ्याशी लग्न ठरवलं आणि पत्रिका मला हातानं आणून दिली. तेव्हापासून मी, माझा जुन्या दुचाकींच्या दलालीचा धंदा आणि संध्याकाळी घड्याळ्याकडचा चहा. एवढा माझा संसार.

चावीची कल्पना माझी. कारागिरी त्याची. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी त्यानं डोळ्याला भिंग लावून एका जुन्या पितळी चावीवर मुंगीएवढ्या अक्षरांत कोरलं, 'कसा वाकलास!' आणि कोपऱ्यात आपली खूण केली, तीन दात्यांचं चाक. घड्याळ दुरुस्त झालं की झाकणाच्या आतल्या बाजूला तो ही खूण करायचा. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही, पुढच्या घड्याळजीला तेवढी दिसते. सवयच लागली होती त्याला. घरातले चमचे, पोरीची कंपासपेटी, माझ्या दाराची कडी, जिथे हात लावला तिथे ते चाक.

मग दोन ट्यूबांचा तो इपॉक्सी गोंद मी कालवला आणि आमच्या मजल्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर चावी बसवली. गोंद धरेपर्यंत दाबून कोणी ठेवायची? त्यानंच ठेवली. दहा मिनिटं, अंगठ्यानं, वाकून. पहिला वाकलेला माणूस तोच.

मजा विचारू नका. माझ्या दाराला बघायचं भिंग आहे. तिथून आम्ही पाळीपाळीनं बघायचो. कुरिअरवाला वाकला. मीटर वाचणारा वाकला. सोसायटीचे चेअरमन तीनदा वाकले. तिसऱ्या वेळी पकडले गेले तेव्हा म्हणाले, अजून आहे का ते तपासत होतो. तळमजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी नाक टेकेपर्यंत वाकून वाचलं आणि दाराकडे बघून मोठ्यानं म्हणाल्या, "शुद्धलेखन बरोबर आहे." घड्याळ्या त्या दिवशी माझ्या सतरंजीवर अक्षरशः लोळला.

आणि तीन आठवड्यांपूर्वी सकाळी दहाला तोच वाकला.

मी बाहेर निघालो होतो. सवयीनं आधी भिंगाला डोळा लावला. घड्याळ्या पिशवी घेऊन वर आलेला. चावी बघून थांबला. आधी खिसे चाचपले. मग वाकला. नखानं उचकटायला लागला. मला वाटलं, पठ्ठ्या चेअरमनची नक्कल करतोय. त्याला माहीत असणारच की मी आत आहे. मी तोंडावर हात दाबून हसत होतो. त्यानं पिशवी खाली ठेवली, दोन्ही हातांनी ओढली. हात सटकला. तो मागे गेला.

आठ पायऱ्या.

दार उघडलं तेव्हा हसू माझ्या तोंडातच होतं.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. मुलगी आली. तळमजल्यावरून तिला सगळी हकीगत कळलीच. ही पोरगी लहानपणी माझ्या खांद्यावर बसून गच्चीवर जायची, टवाळकाका टवाळकाका करत माझ्या बुटांत खडे भरायची. जिन्यातच तिनं मला गाठलं.

"तुम्ही आत होतात?"

"हो."

"बघत होतात?"

"हो."

"हसत होतात?"

मी जिन्याच्या कठड्यावरची धूळ बोटानं पुसली.

"बाबांच्या आसपास फिरकायचं नाही," ती म्हणाली. काका नाही, काही नाही.

चावी आम्ही दोघांनी मिळून चिकटवली होती, हे मी तिला बोललो नाही. पडलेल्या माणसावर कसं ढकलायचं? म्हटलं, भूल उतरली की तो स्वतःच सांगेल आणि बापलेक दोघं मला शिव्या घालायला फोन करतील. फोन आला नाही. मंगळवारी माझ्या दाराला चिठ्ठी लावलेली: 'रविवारी बाबांना घरी आणतेय. सकाळी एक बाई मदतीला येईल. मला सोमवारी कामावर जायचंय. त्याआधी ती चावी काढा.'

"म्हणून अख्खी हवीय," मी ताईंना म्हणालो. "रविवारी त्याच्या हातात दिली की तो हसेल. हसला की लेकीला खरं सांगेल. आणि माझा चहा परत सुरू होईल."

"भेटायची बंदी आहे," ताई म्हणाल्या. "फोनची आहे का?"

"तसं ती काही बोलली नाही."

त्यांनी दुकानाचा फोन माझ्यापुढे सरकवला. तिच्या नंबरवर नको, त्याच्या मोबाइलवर लावा, म्हणाल्या. वर स्पीकरचं बटणही स्वतःच दाबलं. हत्याराचा प्रश्न आहे, मला ऐकायला हवं, हे कारण.

"हॅलो."

"घड्याळ्या, मी."

"बोल टवाळा." आवाज बारीक झाला होता, पण त्याचाच. "पोरगी औषधं आणायला खाली गेलीय. आटप."

मला इतकं बरं वाटलं की क्षणभर काय विचारायचं तेच विसरलो. "रोटरी टूल घ्यायचंय. वायरचं की बॅटरीचं?"

"काम कसलं?"

"धातू दगडाला चिकटलाय. इपॉक्सीनं. दोन्ही वाचवायचेत."

"नळीवालं आहे तिथे?"

"आहे."

"तेच घे. यंत्राचं वजन हातात आलं की हात थरथरतो, आणि तुझा हात मुळातच गाढवाचा. वेग कमीजास्त करायचं चाक आहे का बघ. नसेल तर घेऊ नकोस. इपॉक्सीवर जोरात फिरवलंस तर तो वितळतो आणि चकतीला लडबडतो. हळू फिरवायचं. हिऱ्याची पातळ चकती माग, ती तपकिरी नको, ती ठिसूळ असते, तुकडा उडून डोळ्यात जाईल. चकतीची दांडी त्या तोंडात नीट बसते का, तिथेच लावून बघ. घरी जाऊन बोंबलू नकोस. आधी हेअर ड्रायरनं गरम कर, गोंद नरम पडेल. आणि दाबायचं नाही. काम हत्यार करतं. आपण फक्त वाट दाखवायची."

ताई प्रत्येक वाक्याला मान डोलवत होत्या. माझ्याकडे वाकून पुटपुटल्या, "या माणसाला माझ्याकडे कामाला पाठवा."

"पण चिकटलंय काय?" घड्याळ्यानं विचारलं.

"चावी."

"कसली चावी?"

"पायरीवरची. आपली."

"पायरीवर चावी? कुठल्या मूर्खानं चिकटवली? अरे, माणूस पडेल ना एखादा."

मी हसलो. "पुरे आता. तीन आठवडे झाले, किती ताणशील?"

"काय ताणतोय मी?" तो चिडला. त्याचं चिडणं मला ओळखता येतं. नाटकात तो नाकातून बोलतो. आत्ता नाकातून बोलत नव्हता. "इथे हाड मोडून पडलोय आणि तुला चेष्टा सुचतेय. जिना ओला होता, पाय घसरला. काढ ती चावी आधी, कोणाची का असेना. बरं, ठेवतो. हिची आई आली वाटतं."

फोन ठेवल्यावर ताईंनी विचारलं, "त्यांची मिसेस?"

"अकरा वर्षं झाली जाऊन."

त्यांनी नळीवाली पेटी उचलली, हिऱ्याची चकती दांडीला लावून तोंडात बसते का ते स्वतः बघितलं, डोळ्यांना लावायचा जाड चष्मा वर ठेवला आणि सगळं कागदात गुंडाळलं.

"हळू चालवा," एवढंच म्हणाल्या.

दुकान ते घर वीस मिनिटं चालत. मला तासभर लागला.

गेल्या वर्षभरात घड्याळ्यानं मला काय काय हसवलं होतं! एकदा चहात साखरेऐवजी मीठ. मी चेहरा न हलवता अख्खा कप प्यायलो. हार मानतो की काय? दुसऱ्या दिवशी त्याच्या बुटात टाचणी ठेवून फेड केली. एकदा दोन पायांत दोन वेगळे बूट घालून खाली उतरला, मी जिन्यात टाळ्या वाजवल्या. तोही जरा थांबून हसला होता. ते हसणं मला आता रस्त्यात आठवलं. कोणी विनोद सांगितला आणि कळला नाही की माणूस हसतो, तसं होतं ते. मला वाटायचं, म्हातारा माझ्यावर डाव टाकतोय, शेवटी चेला गुरूच्या वरताण निघाला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं. मला जगात सगळीकडे टवाळकीच दिसायची. दुसरा कोणताही शेजारी असता तर पहिल्या मिठालाच म्हणाला असता, घड्याळजी, जरा डॉक्टरकडे जाऊन येऊ. त्याच्या नशिबी मी आलो.

आणि त्या सकाळी तो नक्कल करत नव्हता. पायरीवर चावी पडलीय, आपलीच पडली असेल, म्हणून खिसे चाचपून वाकला होता.

शुक्रवारी मी पेटी उघडलीच नाही. खोलीत बसून राहिलो. दार बंद, समोरचं दारही बंद. इतकी वर्षं संध्याकाळी सहाला भिंतीपलीकडून त्याच्या घड्याळांचे ठोके यायचे, सगळी थोडी पुढेमागे, एक संपलं की दुसरं. चावी द्यायला कोणी नाही म्हणून ती एकेक करत थांबली होती. मी भिंतीला कान लावला. एक अजून चालू होतं, बहुतेक सेलवरचं.

विचार चालूच होता. चावी घासून भुगा करून टाकली तर? अक्षरंही गेली, चाकही गेलं. लेकीच्या लेखी मीच नालायक, ते तसंही आहेच. रविवारी घड्याळ्या समोरच्या दारात येईल. सकाळी ती बाई, बाकी दिवसभर मी. हळूहळू लेकीचा राग निवळेल. साखर कुठली, मीठ कुठलं, मी बघीन. माझ्याइतकं त्याच्यावर लक्ष ठेवणारं दुसरं कोण आहे?

हे मनात म्हटलं आणि मलाच माझी लाज वाटली. लक्ष ठेवूनच तर होतो मी. भिंगातून.

पण खरं सांगितलं तर काय होणार हेही दिसत होतं. माझं नाव साफ होणार आणि समोरचं दार कायमचं बंद होणार.

शनिवारी दुपारी जेवण उरकलं. घरातून लांब वायर ओढली, जाड चष्मा लावला आणि जिन्यात गुडघे टेकले. यंत्र वरच्या फरशीवर ठेवलं, नळीचं टोक हातात. हेअर ड्रायर शिक्षिकाबाईंकडून मागून आणला होता. त्यांनी तो दाराच्या फटीतूनच दिला आणि दार लावून घेतलं. पाच मिनिटं चावी तापवली. वेगाचं चाक सगळ्यात खाली. चकती चावीच्या कडेला, दगडाला समांतर टेकवली. बारीक गुणगुण झाली आणि पिवळा भुसा यायला लागला.

दाबायचं नाही. वाट दाखवायची. एक बाजू सुटली, दुसरी सुटली. तिसऱ्या बाजूला ते चाक कोरलेलं होतं. तिथे आल्यावर माझा हात थांबला. मनगट नुसतं जरा वर केलं असतं तर चकती त्या खुणेवरून फिरली असती. दोन सेकंदांचं काम, आणि म्हणायला कारणही होतं, हात सटकला. मी गुणगुण ऐकत तसाच बसलो. मग मनगट खाली केलं आणि फट पुढे नेली. टक् आवाज झाला. चावी सुटली. पायरीला ओरखडा नाही.

"निघाली का?"

मुलगी मधल्या फरशीवर उभी होती. हातात झाडू, बादली, धुतलेल्या चादरींची पिशवी. घर आवरायला आली होती.

"निघाली," मी चष्मा काढत म्हणालो. चावी मुठीत होती, अजून गरम.

"टाकून द्या. मला बघायचीसुद्धा नाही."

बघा, देव असतो की नाही. एवढी सोपी सुटका मला आयुष्यात कोणी दिली नव्हती. 'बरं' म्हणायचं, खाली कचऱ्याच्या डब्यात टाकायची, विषय संपला. ती माझ्या बाजूनं वर चढूनही गेली. कुलपात किल्ली घातली.

"बघ," मी म्हणालो. आणि मूठ उघडली.

"सांगितलं ना मी..."

"बघ एकदा. मग टाकतो."

ती मागे वळली. आधी अक्षरं वाचली. तोंड कडू झालं तिचं. मग कोपऱ्यातलं चाक दिसलं. तिनं चावी माझ्या हातातून घेतली आणि त्या खुणेवरून नख फिरवलं, एकदा, दोनदा.

"ही बाबांनी केलीय?"

"हो. आणि चिकटवताना दहा मिनिटं अंगठ्यानं दाबून तोच बसला होता. दोन वर्षं माझ्याबरोबर दाराआडून बघत होता."

"म्हणजे आता सगळं बाबांवर?" तिचा आवाज चढला. "ते तिकडे पडलेत आणि तुम्ही..."

"ऐक. त्याला माहीत होतं ना. पायरीवर चावी आहे, ती निघत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? मग तो वाकला कशाला?"

तिनं चावी पालथी केली, पुन्हा सुलटी केली.

"मी गुरुवारी फोन केला होता त्याला," मी म्हणालो. "तू औषधं आणायला गेली होतीस तेव्हा. हत्यार कुठलं घ्यायचं ते त्यानं चोख सांगितलं. एक अक्षर चुकला नाही. पण पायरीवर चावी आहे हेच त्याला ठाऊक नाही. आणि तू परत आलीस तेव्हा म्हणाला, हिची आई आली."

बादली तिनं खाली ठेवली. मग ती पायरीवरच बसली, भुशात, साडीची पर्वा न करता.

"मलाही आईच्या नावानं हाक मारतात," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, या वयात भूल उतरायला वेळ लागतो."

"तीन आठवडे?"

"मी तेच मनात म्हणत होते. पण मग म्हटलं, घरी आले की आपल्या वस्तूंत रमतील. काकांनी ते चावीचं खूळ काढलं नसतं तर पडलेच नसते, असं म्हणत राहिले. सोपं होतं तसं म्हणणं."

"म्हण की. ते खोटं नाहीच. दाराआड मी हसत होतो, हे काही बदलत नाही."

खालच्या मजल्यावर कोणीतरी प्रेशर कुकरच्या शिट्ट्या मोजत होतं, मोठ्यानं. आम्ही दोघंही उगाच ऐकत बसलो.

"मग उद्या इथे नाही आणता येणार त्यांना," ती म्हणाली.

"नाही."

"सकाळची एक बाई काही पुरणार नाही. गॅस आहे, जिना आहे. माझ्याकडेच न्यावं लागेल. कायमचं."

"हो," मी म्हणालो. मी यंत्राची वायर गुंडाळायला लागलो.

तिनं पर्समधून हॉस्पिटलचं एक पाकीट काढलं, उलटं केलं, पेन उघडलं. "कधीपासून चाललंय हे? डॉक्टर विचारतील. मला फोनवर कधीच काही कळलं नाही. फोनवर ते नेहमी छान बोलायचे. रोज बघणारे तुम्हीच."

रोज बघणारा मी. मग मी सांगायला लागलो. हेच किस्से मी गाड्यांच्या अड्ड्यावर पन्नास वेळा सांगितले होते, हातवारे करून, आवाज काढून. मिठाचा चहा. ती लिहायला लागली: 'चहात मीठ.' कधी? पावसाळा संपता संपता. दोन वेगळे बूट. ते नवीन वर्ष लागलं तेव्हा. एकाच संध्याकाळी एकच विनोद तीनदा सांगितला, आणि मी तिसऱ्यांदाही हसलो, कारण मला वाटलं हाच विनोद आहे. तिच्या पेनाखाली ते सगळं एका ओळीत येत होतं, किस्से राहतच नव्हते. तिची शाळेतली कंपासपेटी दुरुस्त करून देतो म्हणून त्यानं माझ्याकडे मागितली होती, जशी काही ती माझ्याच घरात होती. हे ऐकताना तिला हसू आलं. मग तिनं पाकीट गुडघ्यावर सरळ केलं आणि लिहिलं.

"अजून?"

एक होतं. ते मी अड्ड्यावर सगळ्यात शेवटी सांगायचो, कारण त्यावर लोक सगळ्यात जास्त हसायचे.

"मागच्या महिन्यात," मी म्हणालो. "दुपारची वेळ. माझी बेल वाजली. दारात तो. मला म्हणाला, 'घड्याळजी इथेच राहतात ना? एक घड्याळ दाखवायचं होतं.' हातात त्याचंच घड्याळ. मला वाटलं, वा! काय सोंग आणलंय. मीही चेहरा पाडला. म्हटलं, 'ते गेले हो. मागच्याच आठवड्यात.'"

तिचं पेन थांबलं.

"तो उभा राहिला. बराच वेळ. म्हणाला, 'अरेरे. हात चांगला होता माणसाचा.' आणि जिना उतरून खाली गेला. मी दार लावून हसत बसलो. तासाभरानं भाजी घेऊन वर आला, नेहमीसारखा. त्याबद्दल काही बोलला नाही. मला वाटलं, खेळ अर्ध्यावर न मोडणारा खरा खेळाडू."

ती माझ्याकडे बघत नव्हती. पाकिटाकडेही नाही. खाली जिन्याच्या वळणाकडे बघत होती. मग तिनं लिहिलं. काय लिहिलं ते मी वाचलं नाही.

"तारीख?"

मी सांगितली. मला आठवत होती. त्याच संध्याकाळी मी ती गोष्ट अड्ड्यावर पहिल्यांदा सांगितली होती.

"अजून काही?"

अजून गोष्टी मला सांगता आल्या असत्या. रचायला मला कितीसा वेळ लागतो? दहा सांगितल्या असत्या, पंधरा. प्रत्येकीला तारीख दिली असती. ती बसली असती पायरीवर, संध्याकाळपर्यंत, समोरचं दार उघडं टाकून. पण तो कागद डॉक्टरकडे जाणार होता.

"नाही," मी म्हणालो. "एवढंच."

तिनं पेनाला टोपण लावलं, पदरावरचा भुसा झटकला आणि बाबांचे कपडे भरायला आत गेली.